सेसोथो भाषेतील अभिवादने आणि रोजचे शब्द कसे शिकावेत

लेसोथो देशात आणि दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात बोलली जाणारी सेसोथो शिकू पाहणाऱ्याला शंभर शब्दांची यादी पाठ करण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो मानू नये. तेथे दुकानात भाव विचारण्यापूर्वीही विचारपूस करण्याची रीत आहे, म्हणून प्रथम अभिवादनाचा संपूर्ण संवाद तोंडी बसवावा.

एका व्यक्तीला 'दुमेला' आणि अनेकांना 'दुमेलांग' म्हणावे. पुढे वडीलधाऱ्या पुरुषासाठी 'न्ताते' आणि स्त्रीसाठी, म् किंचित लांबवून, 'म्मे' जोडावे; हे संबोधन गाळले तर अभिवादन तुटक वाटते. 'ओ काए?' (कसे आहात?) या प्रश्नाला 'के तेंग' हे उत्तर पुरेसे आहे.

खरी अडचण येते ती वाचताना, आणि मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला. 1833 साली मोश्वेश्वे राजाच्या मुलखात आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी ही भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली. लेसोथोत आजही जुनी लेखनपद्धत चालते. दक्षिण आफ्रिकेत ती बदलली आहे. त्यामुळे लेसोथोची राजधानी मासेरू येथील पाटीवर 'लुमेला' अशी अक्षरे दिसतात, पण उच्चार 'दुमेला' असाच होतो, कारण तेथे 'एल'पुढे 'आय' किंवा 'यू' आला की त्या 'एल'चा 'द' होतो. दोन्ही देशांची पुस्तके एकाच वेळी वापरू नयेत. नवशिक्याचा निष्कारण गोंधळ उडतो. इंग्रजी वळणाने तर मुळीच वाचू नये. 'फेला' म्हणजे जगणे. त्यातला 'फ' फणसातला, ओठ मिटून उच्चारायचा, 'फॅन'मधला नव्हे. पाण्याला 'मेत्सी' म्हणतात आणि त्यातला 'त्स' आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखा आहे. त आणि थ, प आणि फ हा भेद मराठी कानाला उपजत कळतो, तेव्हा रोमन अक्षरांवर विसंबण्याऐवजी आधी ध्वनिफीत ऐकावी आणि मगच शब्द देवनागरीत उतरवून घ्यावा.

पाव म्हणजे 'बोहोबे', मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले रोजचे अन्न म्हणजे 'पापा', किंमत विचारताना 'के बोकाए?' आणि आभारासाठी 'के आ लेबोहा' एवढे शब्द सुरुवातीला पुरतात.

निरोपाचे शब्द मात्र जोडीनेच शिकावेत: निघणारा मागे राहणाऱ्याला 'साला हान्त्ले' म्हणतो आणि राहणारा निघणाऱ्याला 'त्सामाया हान्त्ले' म्हणतो.