चालढकलीची वही

९.०५ – लेखाची फाइल उघडली.
९.०७ – शीर्षक ठळक केलं.
९.१० – ठळक नको, साधंच बरं.
९.१२ – बगळा एका पायावर का उभा राहतो ते बघायला नवीन टॅब.
१०.४० – अंगातली ऊब टिकवायला, असं कळलं.
१०.४१ – लेखात बगळा नकोच, असं ठरलं.

माझ्या वहीतल्या एका सकाळच्या या सहा ओळी. लिहायचं होतं आजीच्या जुन्या पत्रांबद्दल. अशी वही मी चार वर्षं ठेवते आहे आणि ऑनलाइन लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. कागदावर लिहिणाऱ्याला पळायचं तर जागेवरून उठावं लागतं. आपण मात्र ज्या पडद्यावर लिहितो, त्याच पडद्यात पळायच्या सगळ्या वाटा आहेत. त्यामुळे आपली चालढकल फार चपळ असते, फार मजेशीरही असते, आणि टिपून ठेवली नाही तर संध्याकाळपर्यंत साफ विसरली जाते. मग हाती उरते नुसती खंत.

वही कागदाचीच घ्या. फोनवर नोंद करायची म्हटलं की आधी नोंदींसाठी कुठलं अॅप चांगलं याचा शोध सुरू होतो, आणि तो शोध हीच त्या दिवसाची पहिली नोंद ठरते. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी हव्यात: वेळ, काय केलं, आणि त्या क्षणी मनाने दिलेलं कारण. कारण शब्दशः लिहा. “आधी सगळं वाचून होऊ दे.” “दहा वाजून तीन मिनिटं झालीत, आता साडेदहालाच बसू.” “फॉन्ट बदलला की सुचेल.” नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपल्यासाठी फॉन्टपर्यंत येऊन पोचली आहे, हे मला वहीनेच दाखवलं.

मिनिटं गाळू नका, खरी गंमत मिनिटांतच असते. ब्रिटिश इतिहासकार सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकातल्या एका लेखात त्यांचा प्रसिद्ध नियम मांडला: हाताशी जेवढा वेळ असेल, तेवढं काम फुगतं. पण वाचकाच्या लक्षात राहते ती त्यातली रिकामा वेळ असलेली वृद्ध बाई. तिला भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचं आहे. कार्ड शोधायला एक तास, चष्मा शोधायला एक तास, पत्त्याला अर्धा तास, मजकुराला सव्वा तास, आणि पेटीत कार्ड टाकायला जाताना छत्री न्यावी की नाही हे ठरवायला वीस मिनिटं. “तिचा सगळा दिवस गेला” एवढंच लिहिलं असतं, तर कुणी हसलं नसतं. छत्रीची वीस मिनिटं आली आणि आपण सगळे त्या बाईच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत स्वतःला रागावायचं नाही. “पुन्हा वेळ वाया घालवला”, “मी आळशी आहे” असली वाक्यं आली तर खोडा. हा मऊपणा मी उगाच सांगत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला हे अगदी पटतं. लेख टाळताना आपण खरं तर लेखासोबत येणारी धास्ती टाळत असतो. स्वतःला झापलं की धास्तीत भर पडते आणि लेख आणखी लांब जातो. स्वतःला माफ कर म्हटलं तर ते लगेच जमत नाही. पण आपल्याच नोंदीवर खळखळून हसता येतं, आणि त्या हसण्यात माफी येऊनच जाते.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नीट नाही, आवडती कामंही नकोशी झाली आहेत, असं असेल तर ती चालढकल समजू नका. वही मिटा आणि डॉक्टरांशी बोला.

आठवडाभराने सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचा, शक्यतो दुसऱ्या लिहिणाऱ्यासोबत, मोठ्याने. माझी एक लेखक मैत्रीण आणि मी दर शनिवारी फोनवर वाचतो. तिच्या फाइलींची नावं अशी: ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम खरं’, ‘अंतिम आता नक्की’. चारही फाइलींत मजकूर तोच, दीड परिच्छेद. त्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि रात्री तिने तो लेख पूर्ण केला.

वाचताना आपली पळवाट कुठून सुरू होते तेवढं बघा. माझी जवळजवळ नेहमी एखाद्या छोट्याशा तपशिलापासून सुरू होते: साल कुठलं, पक्षी कुठला, शब्द ऱ्हस्व की दीर्घ. म्हणून आता मसुदा लिहिताना मी टॅब उघडत नाही. अडलेल्या जागी खूण टाकते आणि पुढे जाते. सुरुवातीला खूण म्हणून ‘क्ष’ लिहायचे. नंतर शोधायला गेलं की क्षण, लक्ष, पक्षी, अक्षर सगळेच हजर व्हायचे. तेव्हापासून तीन फुल्या टाकते. सगळ्या फुल्या शेवटी एकदम भरायच्या. निम्म्या जागी तपशिलाची गरजच नव्हती, हे तेव्हा कळतं.

तुमची पळवाट फोन असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्युगो १८३० मध्ये कादंबरीच्या मुदतीत अडकला, तेव्हा त्याने शाईची बाटली आणि अंगभर पुरेल अशी राखाडी लोकरी शाल आणली, आणि बाहेर पडायचा मोह नको म्हणून कपडे कुलपात टाकले, असं त्याच्या बायकोने लिहून ठेवलं आहे. जानेवारी १८३१ मध्ये कादंबरी संपली. शाल तुमच्यावर सोपवते, कुलपाची कल्पना जरूर घ्या.

काहींच्या वहीत वेगळंच दिसतं: लेख टाळण्याच्या नादात बाकीची ढीगभर कामं झालेली असतात. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन पेरी यांनी १९९६ मध्ये यावरच निबंध लिहिला. पेपर तपासण्यासारखी कामं टाळण्यासाठीच आपण तो लिहितो आहोत, हेही त्यांनी त्यात सांगितलं. त्या विचाराला २०११ चं साहित्याचं इग नोबेल मिळालं (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामांना दिलं जाणारं गमतीचं पारितोषिक). वरवर तातडीचं दिसणारं काम यादीत सगळ्यात वर ठेवायचं, म्हणजे ते टाळताना खालची कामं होतात, ही त्यांची युक्ती. मी ती लेखनापुरती थोडी बदलली आहे: कायम दोन लेख उघडे ठेवते. एकापासून पळाले की दुसऱ्यात जाऊन पडते.

नोंदींतून विनोदी लेख करायचा असेल तर एकच नोंद घ्या, दहा नका घेऊ. वाढवून सांगू नका. दीड तासाचा बगळा दीड तासाचाच राहू द्या, चार तासांचा केला की वाचकाला लगेच कळतं. माणसाला हसायचं नाही, हसायचं ते कारणाला. दुसऱ्याची नोंद वापरायची तर विचारून (मैत्रिणीची वर वापरली आहे ती तिला वाचून दाखवून). आणि कुणाचा लेख आजारपणामुळे किंवा घरच्या माणसाच्या सेवेमुळे रखडला असेल, तर त्याला हात लावू नका.

दिवसाची नोंद कुठे थांबवायची, हे मला पुष्कळजण विचारतात. लेखाचं पहिलं खरं वाक्य लिहिलं जातं तिथे. तेही वहीत उतरवा, वेळेसकट. बगळ्याच्या त्या सकाळचं पान असं संपतं:

१०.५५ – टॅब बंद. फोन दुसऱ्या खोलीत.
११.०८ – “आजीची पत्रं पत्र्याच्या पेटीत होती, आणि पेटीची किल्ली तिने कुणालाच दिली नव्हती.”