अंड्यामागचा खाद्यखर्च रोज मांडा
अंडी उत्पादनात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्यामुळे नफ्याचा अंदाज केवळ बाजारभावावरून न बांधता प्रत्येक अंड्यामागे किती खाद्य लागले, हे रोज वहीत मांडावे. समजा, १००० कोंबड्या दिवसाला ११० किलो खाद्य खाऊन ८५० अंडी देत असतील आणि खाद्य ३० रुपये किलो असेल, तर एका अंड्यास सुमारे ३ रुपये ९० पैसे पडतात. अंडी ७०० वर आली की तोच खर्च ४ रुपये ७० पैशांवर जातो, कारण अंडी घटली तरी कोंबडीचे खाणे फारसे घटत नाही. तलंगा, म्हणजे अजून अंडी देऊ न लागलेल्या तरुण कोंबड्या, अंड्यावर येईपर्यंतच्या साधारण १८ ते २० आठवड्यांचा खर्च यात धरलेला नाही, आणि नेमका तोच बहुतेक जण विसरतात.