किक मारली की चालू होणारा कॉम्प्युटर: आरएक्स १०० च्या पार्टांचं कॅबिनेट हातानं कसं बनवायचं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, ट्रॉलीच्या बॉड्या ही रोजची कामं. भाच्याला व्हिडिओ एडिटिंगला कॉम्प्युटर हवा होता, आणि थोरल्या भावाच्या आरएक्स १०० ची जुनी टाकी, किक, स्पीडोमीटर, सायलेन्सर असं बरंच सामान आमच्या माळ्यावर होतं. त्यातून हे कॅबिनेट झालं. यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिच्यावर जीव असलेली माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे बघायला येणारे अजून थांबलेले नाहीत.

कामाला हात घालण्याआधी एक नियम ठरवून टाका. बाइकवर जो पार्ट जे काम करतो, त्याच्या जवळचंच काम त्यानं इथं करायचं. नुसता शोभेला एकही पार्ट लावायचा नाही. चावीनं चालू होण्याची परवानगी मिळायला हवी, किकनं मशीन उठायला हवं, वारा पुढून येऊन फिनांवरून (थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांवरून) जायला हवा, इंजिनातून जे बाहेर पडतं ते सायलेन्सरमधून निघायला हवं. बाजारच्या डब्यावर टाकीचा पत्रा चिकटवला की लांबून बाइकसारखं दिसतं, पण जवळ गेल्यावर हात कुठं लावायचा तेच कळत नाही. हा नियम पाळला की मापं आणि मांडणी आपोआप ठरत जातात.

मांडणी

मदरबोर्ड मिनी आयटीएक्स घ्या. तो १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो, आणि एवढाच बोर्ड बाइकच्या रुंदीत बसतो. बोर्ड उभा लावू नका, आडवा झोपवा. तो आपला क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर. त्यावर हवेनं थंड होणारा टॉवर कूलर उभा राहिला की ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा तो उभा ठोकळा हुबेहूब आरएक्सच्या सिलिंडरसारखा दिसतो, आणि काम तर तेच करतो. पुढं, हेडलाइटच्या मागं, १२० मिलिमीटरचा पंखा. त्याचा वारा कूलरच्या फिनांतून थेट मागं जायला हवा, म्हणून कूलर फिरवून बसवताना फिना पुढून मागं मोकळ्या आहेत ना ते बघा. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स मापाचा घ्या, म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. तो सीटखाली, साइड पॅनलच्या आड बसतो. बोर्डाची यूएसबी-एचडीएमआयची बाजू मागं तोंड करून ठेवा. तिच्या मागं किमान ६० मिलिमीटर मोकळे सोडा, नाहीतर वायरींच्या पिना वाकवून लावाव्या लागतील.

फ्रेम

पाइप ७/८ इंची, म्हणजे २२ मिलिमीटरचा, १६ गेजचा ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला. हे माप मुद्दाम सांगतोय, कारण बाइकचं हँडलही याच मापाचं असतं. खऱ्या ग्रिपा आणि स्विचांचे गट्टू त्यावर सरळ बसतात. खरं हँडल मात्र वापरू नका, टेबलावर ते फार पसरतं. याच पाइपातून ३६० मिलिमीटर रुंदीचं वाकवा. बेंडर नसेल तर पाइपात कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करा आणि मग वाकवा. बाकात पाइप चपटा होत नाही. वाळू ओली असेल आणि तुम्ही पाइप तापवलात, तर आत वाफ कोंडून खुंटी गोळीसारखी सुटेल. म्हणून वाळू आधी कढईत भाजून घ्या.

खालचा चौक आतून १९० मिलिमीटर रुंद आणि ५०० लांब ठेवा. त्यावर २ मिलिमीटर पत्र्याचा तळ. तळापासून टाकीच्या बुडापर्यंत २०० मिलिमीटर उंची सोडली की १५० मिलिमीटरपर्यंतचा कूलर आरामात मावतो. आधी सपाट प्लेटवर चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तरच पूर्ण वेल्डिंग करा. गुण्या एकेक कोपरा बरोबर दाखवतो, पण अख्खा चौक पिळलेला आहे की नाही ते कर्णच सांगतात. मिग (गॅसवर चालणारं, तारेचं वेल्डिंग मशीन) असेल तर उत्तम. साध्या आर्कनं करणार असाल तर २.५ चा रॉड, करंट कमी, आणि एका जागी रेंगाळू नका, पाइप जळून भोक पडतं.

बोर्डाची भोकं पाडताना घाई नको. मिनी आयटीएक्सची चार भोकं चौकोनात नसतात. एका बाजूच्या दोन भोकांत १५४.९४ मिलिमीटर अंतर असतं आणि दुसऱ्या बाजूला १३२.०८, कारण एक भोक २२.८६ मिलिमीटर आत सरकलेलं आहे. दोन बाजूंमधलं अंतर १५७.४८. मापं घेऊन आखता येतं, पण मी बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून भोकांतून बारीक पेन्सिल फिरवतो, तो पुठ्ठा पत्र्यावर चिकटवतो आणि सेंटर पंच मारतो. भोक २.५ मिलिमीटरचं, त्यात एम३ चे आटे पाडा आणि पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) बसवा. बोर्डाच्या मागच्या टोकांची सोल्डरिंग पत्र्याला कुठंही टेकता कामा नये. पंख्याची भोकं मात्र सरळ चौकोनात, १०५ मिलिमीटर अंतरावर असतात.

हे सगळं कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग बोर्ड दुकानातून घरी येण्याआधी उरका, किंवा निदान तो दुसऱ्या खोलीत ठेवा. लोखंडाचा एक बारीक कीस बोर्डावर पडला तरी शॉर्ट करायला पुरतो.

टाकी: कापायची नाही

इथं मी ठाम आहे. बरेच जण टाकीचं बूड ग्राइंडरनं उडवून आत सामान ठेवतात. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत हवा आणि वाफ यांचं मिश्रण असतं. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते. वर्षानुवर्षं कोरडी दिसणारी टाकीही शिवणीच्या घडीत पेट्रोल धरून ठेवते आणि तापली की सोडते. पाणी भरून टाक्या झाळणारे कारागीर आहेत, त्यांचा हात त्यात बसलेला असतो. तुम्ही-आम्ही ते घरी करू नये.

आणि गरजही नाही. फ्रेमच्या पाइपावर बसण्यासाठी टाकीच्या पोटात जो बोगदा असतो, त्यातच सगळ्या वायरी, एक अडीच इंची एसएसडी आणि पुढं सांगतो ते अर्दुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारं बोटभर सर्किट) मावतं. बाइकची वायरिंगही टाकीखालूनच जाते. टाकी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यानं अनेकदा खळबळून धुवा, झाकण आणि कॉक काढून उन्हात वाळवा, वासाचा मागमूसही राहू देऊ नका. तरीही तिच्यावर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग नको. पावडर कोटिंगच्या भट्टीतही टाकू नका. फ्रेम पावडर कोट करा, टाकी स्प्रेनं रंगवा.

बसवायची ती मूळ पद्धतीनंच: पुढं दोन रबरांत सरकवायची, मागं एक बोल्ट. बोल्ट काढला की टाकी उचलता येते आणि आतलं सगळं हाताशी येतं.

रंगाचं काम डेंटर-पेंटरला दिलंत तरी चालेल, पण स्वतः करण्यात मजा आहे. चेप मागून ठोकता येत नाही, म्हणून लांबी (पुट्टी) भरावी लागते. पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, घासून पुढचा द्या. मग प्रायमर, ४०० चा आणि नंतर ८०० चा पॉलिश पेपर पाण्यातून, मग रंग, मग क्लिअर. बाजूच्या रेषा शक्यतो हातानं ओढा. चेन्नईत रॉयल एनफिल्डच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा अशाच हातानं ओढल्या जायच्या. लांब केसांचा ब्रश, करंगळीचा टेकू, आणि रेषा संपेपर्यंत हात उचलायचा नाही. स्टिकरच्या रेषेत ती जान येत नाही.

किक आणि चावी

सगळ्या कामाचा प्राण इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आरएक्सला सेल्फ नव्हताच. त्यामुळे स्टार्टचं बटन लावलं तर ती आरएक्स राहत नाही.

कॉम्प्युटर चालू करायला बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या की पुरतं. आपण हे काम किककडून करून घ्यायचं. फ्रेमच्या उजव्या बाजूला एक बुश वेल्ड करा. लेथवर किकच्या भोकाच्या मापाची एमएसची (मऊ लोखंडाची) पिन काढा. किकच्या आतले दाते बोल्ट आवळला की मऊ लोखंडात रुततात आणि किक घट्ट बसते. पिनेच्या आतल्या टोकाला पट्टीचा छोटा तुकडा वेल्ड करा, किक पूर्ण खाली आली की तो रोलर असलेला मायक्रोस्विच दाबेल. किक वर आणायला मजबूत स्प्रिंग हवी. आणि एक अडकाव बोल्ट हवाच, नाहीतर पायाचा, म्हणजे इथं हाताचा, सगळा जोर बिचाऱ्या स्विचवर जाईल.

स्विच किकच्या शेवटालाच दाबला गेला पाहिजे. मधेच दाबून पुढं निघून जाणारा उंचवटा ठेवलात, तर किक परत येताना तो पुन्हा दाबेल आणि नुकतंच उठलेलं मशीन बंद पडेल. स्प्रिंगही सैल नको. स्विच चारेक सेकंद दाबलेला राहिला की बोर्ड जबरदस्तीनं मशीन बंद करतो, आणि चालू काम तिथंच जातं. मायक्रोस्विचच्या तीन टोकांपैकी सीओएम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) ही दोन वापरा.

आता चावी. बाइकचा इग्निशन स्विच मल्टिमीटरनं तपासा आणि चावी ऑन केल्यावर कुठल्या दोन वायरी जोडल्या जातात ते शोधा. काही गाड्यांत चावी बंद असताना जोडणी होते, म्हणून अंदाजानं जाऊ नका. ती जोडी मायक्रोस्विचच्या एका वायरीत मालिकेत घाला. चावी ऑन असेल तरच किक चालते. चावी काढून खिशात टाकली की घरातल्या पोरांनी कितीही किका मारल्या तरी काही होत नाही. मशीन चालू असताना चावी बंद केली तरी ते चालूच राहतं, ते बंद करायचं ते विंडोजमधून किंवा लिनक्समधून.

बाइकवर काम केलेल्यांना इथं एक सवय सोडावी लागेल. बाइकमध्ये बॉडी हीच निगेटिव्ह, त्यामुळे एक वायर ओढून भागतं. इथं प्रत्येक स्विचला आणि दिव्याला स्वतंत्र दोन वायरी द्या, आणि त्यातली एकही फ्रेमला लागू देऊ नका.

दिवे आणि काटा

न्यूट्रलचा हिरवा दिवा काढून त्या जागी एलईडी लावा आणि बोर्डाच्या पॉवर एलईडीच्या पिनांना जोडा. इंडिकेटरच्या पायलट दिव्याला डिस्कच्या एलईडीची जोडणी द्या. फाइल वाचली-लिहिली जाताना तो इंडिकेटरसारखाच लुकलुकतो. हेडलाइटला बाइकचा हॅलोजन बल्ब नको, फार तापतो. १२ व्होल्टचा एलईडी बसवा, त्याला एसएमपीएसची पिवळी (१२ व्होल्टची) वायर आणि काळी (निगेटिव्ह) वायर, आणि मधे १ अँपिअरचा फ्यूज. एसएमपीएस त्या पिवळ्या वायरीतून खूप करंट देऊ शकतो. शॉर्ट झालं आणि फ्यूज नसेल तर बारीक वायर पेटते.

स्पीडोमीटरची आतली चुंबकाची यंत्रणा काढून डायलमागं एक्स२७.१६८ ही गाड्यांच्या मीटरातलीच छोटी स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) लावा. ती ३१५ अंशांपर्यंत फिरते आणि अर्दुइनो नॅनोच्या पिनांवर थेट चालते. प्रोसेसरचं तापमान तिला पाठवणारा छोटा प्रोग्राम भाच्यानं पायथनमध्ये लिहिला. डायलवरचा आकडा आणि तापमानाचा आकडा एकच ठेवा. काटा ६० वर म्हणजे ६० अंश. व्हिडिओ रेंडर होताना काटा चढायला लागतो ते बघायला नादखुळा वाटतं!

आरशांच्या जागी वायफायचे अँटेना बसवा. लोखंडाच्या आत ठेवलेत तर रेंज मिळणार नाही.

सायलेन्सर आणि अर्थिंग

सायलेन्सरचा मागचा फूटभर तुकडाच घ्या. आत टू-स्ट्रोकच्या ऑइलची काळी राब असते, ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून सुटते. हातमोजे आणि चष्मा घाला, सोडा पाण्यात टाका, सोड्यावर पाणी ओतू नका, आणि ॲल्युमिनियमचं काही त्यात बुडवू नका. आतून मोकळा केला की एचडीएमआय, यूएसबी आणि मेनची वायर त्यातूनच मागं काढा. तोंडाच्या दोन्ही कडांना कानस मारून रबराची कड बसवा, नाहीतर धारेनं वायर सोलली जाईल. गरम हवा मात्र सायलेन्सरमधून काढण्याचा हट्ट नको. कॉम्प्युटरच्या पंख्यात तेवढा दाब नसतो, हवेला मागची अख्खी बाजू जाळी लावून मोकळी द्या.

एसएमपीएस कधीही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो फ्रेमला जिथं स्क्रूनं बसतो तिथला रंग खरवडून लखलखीत लोखंड काढा, म्हणजे फ्रेमला अर्थिंग मिळेल. टाकी रबरांवर बसलेली असल्यानं ती या अर्थिंगपासून तुटलेली असते. तिला मागच्या बोल्टपासून फ्रेमपर्यंत वेगळी हिरवी वायर द्या. मग प्लग भिंतीतून काढून मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या जाड अर्थ पिनेला आणि दुसरी पाळीपाळीनं टाकी, हँडल, किक आणि सायलेन्सरला लावा. रंगावर नाही, उघड्या धातूवर. चारही ठिकाणी बीप वाजला पाहिजे. घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण मागं वायर नसते.

पहिल्यांदा चालू करताना टाकी आणि सायलेन्सर न लावताच चालू करा. पंखे फिरतात का, वारा पुढून मागंच जातो का, ते कागदाचा कपटा धरून बघा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) तापमान स्थिर झालं की मगच टाकी चढवा, बोल्ट आवळा आणि तासभर जड काम देऊन काट्यावर लक्ष ठेवा. तो ८५ च्या वर जात असेल, तर कूलर आणि टाकी यांच्यात जागा कमी आहे असं समजा आणि टाकीच्या रबराखाली वायसर घालून ती उचला. पुढं दर महिन्याला ब्लोअरनं फिना साफ करा, आणि तेव्हा पंखा बोटानं धरून ठेवा.