ग्राफवरून गती कशी ओळखायची
आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा, बहुतेक घोळ तिथेच होतो. पोझिशनच्या (वस्तू कुठल्या वेळी कुठे आहे त्याच्या) ग्राफमध्ये रेघेचा चढ म्हणजे वेग, आडवी रेघ म्हणजे वस्तू थांबलीये, खाली उतरली की उलट दिशेने चाललीये. समजा कोणी 4 सेकंदात 12 मीटर पुढे गेलं आणि लगेच 2 सेकंदात 6 मीटर मागे आलं, तर अंतर 18 मीटर पण विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून शेवटी किती सरकलं ते, दिशेसकट) फक्त 6 मीटर. मागे आलेलंही अंतरात मिळवलं जातं, म्हणून कापलेल्या अंतराचा ग्राफ कधीच खाली येत नाही, आला तर खुशाल खोडा. आता याचाच व्हेलॉसिटी (म्हणजे वेगाचा) ग्राफ: 4 सेकंद +3 मीटर प्रति सेकंदवर आडवी रेघ, मग 2 सेकंद -3 वर, कारण दिशा उलटी. इथे आडवी म्हणजे थांबलेली नाही हां, वेग एकसारखा! रेघ आणि टाइमच्या अक्षामधलं क्षेत्रफळ काढा, अक्षाखालचं वजा करा, 12 - 6, झालं विस्थापन.