डिस्चार्जआधी घराचा जिना मोजा

आजी-आजोबांना घरी न्यायचं ठरलं की सगळे औषधांची यादी विचारतात. घरात दुपारी कोण असतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मुलगा हिंजवडीत, सून बँकेत; मग अकरा ते सहा पाणी कोण देणार? डिस्चार्जच्या दोन दिवस आधी हे वॉर्डातल्या सिस्टरना स्पष्ट सांगा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. बिल झेपत नसेल तर धर्मादाय रुग्णालयात निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

पेठेतल्या वाड्यात खरी अडचण जिन्याची. लाकडी, उभा, एका बाजूलाच कठडा. फिजिओथेरपिस्टकडून पायऱ्या चढण्याचा सराव रुग्णालयातच करून घ्या. तेही जमत नसेल तर महिनाभर तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहणं बरं. संडास चौकापलीकडे असेल तर कमोड खुर्ची भाड्याने आणा. रात्री अंधारात घाईने उठताना पडायची भीती जास्त.

जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या डिस्चार्ज कार्डाशी ताडून बाजूला काढा. कंपनीचं नाव वेगळं, औषध तेच, असं झालं की बीपीची गोळी दोनदा पोटात जाते आणि उठताना चक्कर येते.

डबा लावताना मीठ-साखरेचं पथ्य डबेवाल्या काकूंना कागदावर लिहून द्या, तोंडी विसरलं जातं. एकट्या राहणाऱ्यांच्या फोनमध्ये ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ मोठ्या अक्षरात सेव्ह करा आणि एक किल्ली शेजारी ठेवा.