मटकीतला म पळाला: बालवाडीत दाणे, मोड आणि अक्षरं एकत्र कशी घ्यायची

जून लागला की दुसऱ्या अंगणवाड्यांतल्या ताईंचे फोन सुरू होतात. ताई, मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात रंगीत पाणी कागदावरून वर चढवायलेत, फुगा बाटलीत फुगवायलेत, ते घेऊ का वर्गात? घ्या की, कोण नको म्हणतंय. पण रंगीत पाणी वर चढल्यावर लेकरानं टाळ्या वाजवल्या त्याच्यापुढं काय झालं ते मला सांगा. आमच्याकडं परभणी जिल्ह्यात खेड्यातल्या अंगणवाडीत मी चौदा वर्षं झाली लेकरं सांभाळायले, त्यातली बारा वर्षं मी एकच उपक्रम दरवर्षी घेते, दाण्यांचा. दहा-बारा दिवस चालतो, विज्ञान पण त्यातच आणि अक्षरं पण त्यातच, आणि विकतचं काही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून गावात जे सापडतं त्यावरच शिकवलं, आणि आपण आता हजार रुपयांचं किट मागवायलो ज्यातली अर्धी झाकणं पहिल्याच आठवड्यात हरवतेत.

पाच पारदर्शक ग्लास, जुन्या सुती धोतराच्या घड्या, मूठमूठ दाणे, एक पॉलिश पेपर (सुताराचा खरखरीत कागद), खडू. बास.

दाणे घरच्या डब्यातले किंवा किराणा दुकानातले घ्यायचे, कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं अजिबात नाही. त्याला औषध लावलेलं असतं, गुलाबी, लाल, निळं दिसतं ते त्यामुळंच, आणि आपल्या भागात पेरणीच्या दिवसांत प्रत्येक घरात ती पिशवी कोपऱ्यात असते, लेकरं 'बाई मी आणले' म्हणून खिशात घालून आणतेत. रंगीत दाणा दिसला की आधी काढून घ्या आणि हात धुवा. गुंजा दिसायला छान म्हणून काही जणी मोजायला ठेवतेत, त्या विषारी असतेत, एरंडीचं बी पण तसंच, दोन्ही वर्गाबाहेर.

आणि मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. दहा दिले तर दहा परत आले पाहिजेत. एका वर्षी एका पोरानं हरभरा नाकात घातला, आमची मदतनीस लगेच केसातली पिन काढून बसली, मी तिचा हात धरला. पिनीनं दाणा अजून आत जातो आणि आतल्या ओलीनं फुगतो, तसलं काही करायचं नाही, सरळ दवाखाना. डॉक्टरनं अर्ध्या मिनिटात काढला. त्या पोराला घरी मार बसू नये म्हणून मीच त्याच्या आईजवळ दोन तास बसले ती गोष्ट वेगळी.

आता दाणे कोणते, हे महत्त्वाचं आहे, त्याचं कारण पुढं येईल. मटकी, गहू, हरभरा आणि करडी (पुस्तकात करडई, आमच्याकडं करडी). मटकीला कुणाच्या घरी मठ म्हणतेत, चालतंय. पाचव्या ग्लासात हरभऱ्याची डाळ. चार-पाच लेकरांचा एक गट, एका गटाला एक ग्लास.

रात्रभर भिजवा, सकाळी ओल्या कापडाची घडी ग्लासात गोल बसवा, दाणे काच आणि कापडाच्या मधे सरकवा, म्हणजे बाहेरून दिसतेत. रोज दोन चमचे पाणी, तळाला साचू द्यायचं नाही. दाण्याला हवा पण लागते, बुडाला की कुजतो आणि दुसऱ्या दिवशी असा वास सुटतो की खिचडी कुणी खात नाही. पहिल्या वर्षी माझे पाचही ग्लास कुजले होते कारण प्रत्येक लेकरू येता-जाता ओतायचं. आता चमचा माझ्याकडं असतो आणि रोज एका लेकराचा नंबर. तसंही २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आपल्याच भागातलं, चमच्यानं पाणी मोजायला आपल्या लेकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ग्लास मांडायच्या आधी एक प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं: दाण्यातून आधी काय निघेल, पान का मूळ? प्रत्येकानं आपला खडा ठेवायचा, पानवाल्यांचा ढीग इकडं, मुळवाल्यांचा तिकडं. उत्तर सांगायचं नाही. मटकी दुसऱ्या दिवशी सांगते, हरभरा-गहू दोन-तीन दिवसांत, करडी जरा वेळ लावते, थंडीत सगळेच उशीर करतेत. मूळ आल्यावर ग्लास आडवा करून ठेवा, एक-दोन दिवसांत मूळ वाकून परत खाली निघतं. ते बघून एकजण म्हणला होता, बाई, त्याला डोळे हायेत. नाहीत म्हणून सांगू नका लगेच, 'कसं बघू बरं?' म्हणा आणि दुसरा ग्लास कपाटात अंधारात आडवा ठेवा. तिथं पण मूळ खालीच जातं. डाळीला मोड येत नाही, का येत नाही ते लेकरंच भांडून काढतेत, कुणीतरी बरोबर म्हणतंच की ती फोडलीय म्हणून. फोडताना तिचा अंकुर मोडतो, एवढं आपण शेवटी जोडायचं. ग्लासातलं कुणी खायचं नाही, दिवसभर पन्नास हात लागलेले असतेत, उसळ करायची तर वेगळी मटकी भिजवा.

विज्ञान एवढंच, ते सोपं आहे, दाणाच शिकवतो. माझी खरी फजिती अक्षरात झाली.

पहिल्या वर्षी मी ग्लासांवर चिठ्ठ्या लावल्या: म मुगाचा, त तुरीचा, ब बाजरीचा, ज ज्वारीचा. तक्त्यावर असंच असतं, सगळेच असंच शिकवतेत, मी पण तेच केलं. लेकरं जोरात म्हणायची, दिवाळीपर्यंत तोंडपाठ. मग एकदा म चं कार्ड धरून विचारलं हे काय, तर अर्धा वर्ग म्हणला 'मू'. फळ्यावर मका लिहिलं, एक हुशार पोरगी उठली आणि वाचलं, 'मूका'. मी तिला चूक म्हणले. चूक तिची नव्हती हो, माझीच होती. मूग या शब्दात पुढं ऐकू येतं ते मू, म नाही. तुरीत तू आहे, बाजरीत बा आहे, ज्वारीत तर सरळ जोडाक्षर. लेकराचा कान बरोबर होता, मीच त्याला सांगायले की तुला जे ऐकू येतंय ते नाही, मी म्हणते ते ऐक. असं चार महिने ऐकल्यावर लेकरू कान लावायचंच सोडून देतं आणि पाठ करायला लागतं, आणि मग आपणच म्हणतो की ह्याला वाचता येईना.

म्हणून दाणे असे निवडायचे ज्यांच्या पुढं मात्रा नाही, काना नाही. मटकी, गहू, हरभरा, करडी. चवळी पण बसते असं वाटतं पण ती घेऊ नका, चवळीतला च आणि चहातला च तोंडात वेगळा वाजतो, अक्षर एकच, लेकरू तिथंच अडकतं. वटाण्याचं तर घरी वटाणा, पुस्तकात वाटाणा, सोडून द्या.

दुसऱ्या वर्षी दाणे बदलले पण नवीन चूक केली. इंग्रजी शाळेच्या व्हिडिओत बघितलं होतं की पहिला आवाज ओढून म्हणायचा. मी म्हणायले मऽऽऽटकी. आता सांगा, म ओढला की काय होतं? मा होतो. लेकरांनी मला म चे शब्द आणून दिले: मामा, मासा, माती, मारुती. सगळ्यांना काना. इंग्रजीत चालत असेल, आपल्या अक्षराच्या पोटात अ असतो, तो ओढला की काना झालाच. मराठीत ओढायचं नाही, तोडायचं. दारावर टिचकी मारल्यासारखा म, मग थांबायचं, मग टकी. म. टकी.

हे मला कुण्या प्रशिक्षणात नाही कळालं. एका मुलीचा धाकटा भाऊ, अडीच वर्षांचा, तिच्यामागं वर्गात येऊन बसायचा. ग्लासाजवळ जाऊन तो म्हणला, 'टकी!' मोठी लेकरं खो-खो हसली आणि त्याची बहीण म्हणली, बाई ह्याचा म पळाला. मी तिथंच थांबले. ज्या गोष्टीसाठी मी दोन वर्षं तोंड वाकडं करत होते ती त्या पोरीनं चार शब्दांत केली.

तेव्हापासून तोच खेळ. अक्षर दाखवायचं नाही, कार्ड नाही, फळा नाही, नुसते कान. खिचडीच्या आधी दहा मिनिटं, चार-पाच दिवस. सुरुवात गव्हापासून करा. गहूतला ग पळाला, काय उरलं? 'हू!' एवढ्या जोरात येतं की शेजारच्या शाळेतले गुरुजी बघायला येतेत. करडीतला क पळाला? 'रडी!' इथं वर्ग हातातून जातो, जाऊ द्या पाच मिनिटं. मग मटकी, टकी. हरभरा शेवटी, रभरा म्हणताना माझीच जीभ वळत नाही. मग उलटं, टकीला ग लावा, गटकी. त्याला अर्थ नाही म्हणून थांबवू नका, अर्थ नसतानाही जमायलं म्हणजे कान तयार झाला. मग नावं: महेशचा म पळाला, कविताचा क पळाला. मीना, गीता, काशिनाथ यांची नावं आत्ता नाही, त्यांना दुसऱ्या कामात मोठेपणा द्या नाहीतर रुसतेत.

टाळ्यांवरून वाद घालू नका. मटकीला लेकरू दोन टाळ्या वाजवतं, मट, की. काही जणी तीन वाजवायला लावतेत कारण लिहिताना अक्षरं तीन. बोलताना दोनच ठोके पडतेत, लेकरू बरोबर आहे. तिसरी टाळी लिहायला लागल्यावर आपोआप कळते.

ज्यांच्या घरी गोरमाटी (बंजारा लोकांची बोली) नाहीतर उर्दू बोलतेत त्या लेकरांकडून दाण्याचं घरचं नाव आधी ऐकून घ्या, सगळ्या वर्गाला म्हणायला लावा, मग आपलं नाव सांगा. उलटं केलं तर ते लेकरू आठवडाभर तोंड उघडत नाही, मी बघितलंय.

कान तयार झाला का ते बघायला जमिनीवर चार गोल काढायचे, एकेका गोलात एकेक दाणा. पिशवीतून वस्तू काढायची: मडकं, कढई, गवत, हळकुंड, कप, मक्याचं कणीस. मडकं मटकीच्या घरी, हळकुंड हरभऱ्याच्या घरी. आणि पिशवीत एक पेन मुद्दाम ठेवायचं. जे लेकरू पेन हातात धरून म्हणतं 'बाई, याचं घरच नाही', त्याला कळालं. बहुतेकांना दहातल्या सात-आठ वस्तू जमायल्या की मगच अक्षर. नाही जमल्या तर अजून दोन दिवस पळवापळवी, ग्लास काही पळून जात नाहीत.

अक्षर सोपं आहे. पॉलिश पेपरचं म कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, दोन बोटं फिरवायची, तोंडानं म म्हणायचं, शिरोरेषा शेवटी. नंतर तेच राखेच्या ताटात. पिठात नको, आमच्याकडं लेकरांनाच ते पटत नाही, पीठ कशाला सांडता म्हणतेत. मग ते कार्ड लेकरानंच आपल्या ग्लासाला बांधायचं. एका दिवशी एकच अक्षर. ग म भ न अशी आपल्या आज्यांची जुनी ओळ आहे, तिच्यातली अक्षरं वळणाला जवळची, हाताला सोपी पडतेत, पण म आणि भ एकाच आठवड्यात घेतले की कानाला वेगळे आणि डोळ्याला एक, म्हणून भ मी महिनाभर लांब ठेवते.

रोज ग्लासाचं चित्र काढायचं, आणि लेकरू जे बोललं ते आपण खाली लिहायचं. जसं बोललं तसंच. 'मटकीला शेपूट आलं' म्हणलं तर शेपूटच लिहा, अंकुर नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य बोट ठेवून वाचून दाखवा, लेकरू स्वतःच म शोधून दाखवतं, हा माझा म. तिथं मला दरवर्षी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पेन्सिल सगळ्यात शेवटी, आणि चार वर्षांच्या लेकराला तर नाहीच. पालक येऊन म्हणतेत वही कोरी आहे, शेजारच्या इंग्लिश मीडियममधल्या पोराची वही भरली. एकदा तर तपासणीला आलेल्या बाईंनी पण वहीच मागितली. मी आता वाद घालत नाही, पालकाला पाचव्या दिवशी वर्गात बोलावते, ग्लासासमोर बसवते आणि त्याच्या लेकराला म्हणते, सांग बाबाला, करडीतलं काय पळालं. बाबा आधी हसतो, मग घरी जाऊन स्वतःच्या नावातलं पळवत बसतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी रोपं अंगणात लावा, गहू हरभरा उन्हाळ्यात जगणार नाहीत, हा उपक्रम जून-जुलै नाहीतर दिवाळीनंतर घ्या. मूग मात्र डब्यात तसाच ठेवा. महिना-दीड महिन्यानं उकार-ऊकार यायला लागला की तेव्हा बाहेर काढायचा, रात्रभर भिजवायचा आणि विचारायचं, मूगातलं काय पळालं? 'मू!' मग म चं जुनं कार्ड समोर ठेवा आणि खाली शेपूट जोडा.