ग्रामपंचायतीचा ऑडिट रिपोर्ट कसा मागायचा अन् त्यात नेमकं काय बघायचं

पारावर बसलं की सगळेच म्हणायलेत सरपंचानं खाल्ले, ग्रामसेवकानं खाल्ले, पण ऑडिट रिपोर्ट बघितला का म्हणून विचारलं की सगळे गप. मला विचाराल तर नुसता भ्रष्टाचार भ्रष्टाचार ओरडून काय बी होत नाही, पॅरा नंबर (रिपोर्टमधल्या आक्षेपाचा नंबर) घेऊन बोललं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

आधी ऑडिट करतं कोण ते बघा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी हे सगळं ग्रामविकास खात्याखाली येतं, पण हिशेब तपासणारं स्थानिक निधी लेखापरीक्षा ऑफिस आहे वित्त विभागाचं, म्हणजे बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांचा हुकूम त्यांच्यावर चालत नाही. ह्या ऑडिटचा कायदा 1930 चा, तेव्हा आपण मराठवाड्यातले निजामाच्या राज्यात होतो त्यामुळं आपल्याकडं तो नंतर लागू झाला ते सोडा. त्याच्याही वर कॅगचं (सरकारी हिशेब तपासणारी देशातली सगळ्यात वरची यंत्रणा) महालेखापाल ऑफिस, मराठवाड्याचं ऑडिट त्यांच्या नागपूरच्या ऑफिसकडं आहे.

आता रिपोर्ट मिळवायचा कसा. ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 8 प्रमाणं आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा दोन महिन्याच्या आत घ्यावी लागते अन् तिच्यात मागच्या वर्षाचा जमाखर्च, शेवटची ऑडिट टिप्पणी अन् तिला दिलेली उत्तरं ठेवावीच लागतात. म्हणून 1 मेच्या ग्रामसभेला जा, उभं राहून मागा, अन् मागितलं हे प्रोसिडिंगमधी लिहून घ्यायला लावा. दिलं तर ठीक, नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला 10 रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागं 2 रुपये, बीपीएलवाल्याला फी नाही. अर्ज एकाच विषयाचा अन् 150 शब्दांच्या आत ठेवा, लोक गावाचा सगळा इतिहास लिहितेत अन् मग अर्ज फेटाळला जातो. एवढंच लिहा: अमुक वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावरचं अनुपालन (म्हणजे आक्षेपांना दिलेली उत्तरं) अन् वसूलपात्र रक्कम भरल्याच्या चलनाच्या प्रती.

रिपोर्ट हातात आला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, झोप येईल. दोन शब्द शोधा, आक्षेपाधीन अन् वसूलपात्र. आक्षेपाधीन म्हणजे खर्च दाखवलाय पण कागद जोडलेला नाही, कोटेशन नाही, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) नाही, ठराव नाही, कागद नंतर दाखवला तर हा पॅरा मिटू शकतो, म्हणून त्याच्यावरून कुणाला लगेच चोर म्हणू नका. वसूलपात्र मात्र वेगळं, ते पैसे जबाबदार माणसाच्या खिशातून भरून घ्यायचे असतेत, अन् खरं दुखणं इथंच आहे, कारण पॅरा वर्षानुवर्ष तसाच पुढं ढकलत नेतेत, तोवर सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) अन् कुणालाच काही देणंघेणं राहत नाही. 'दप्तर तपासणीस उपलब्ध करून दिले नाही' असं वाक्य दिसलं तर त्याला लाल पेनानं गोल करा, माझ्या मते तो सगळ्यात वाईट शेरा आहे.

मग मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडा, वर्ष अन् गाव टाका, पंधराव्या वित्त आयोगाचा (केंद्राकडून गावाला आलेल्या निधीचा) खर्च दिसतो. 2021-22 ते 2025-26 ह्या वर्षांत त्यातला 60 टक्के पैसा पाणी अन् स्वच्छतेलाच वापरायचा होता. तिथं हातपंप दुरुस्ती दाखवली असंल तर तो पंप जाऊन हापसून बघा, फोटो काढा. नमुना 5 म्हणजे रोकड वही, तिच्यातली तारीख अन् रक्कम व्हाउचरशी जुळते का ते पण बघा. वही बघायची असं अर्जातच लिहिलं तर कागद तपासायला पहिल्या तासाचे पैसे लागत नाहीत.

शेवटी पाठपुरावा. गटविकास अधिकाऱ्याला अर्ज द्या, एक प्रत झेडपी सीईओला अन् एक जिल्ह्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा ऑफिसला, अर्जात पॅरा नंबर, रक्कम अन् वसुली झाली का एवढाच प्रश्न, अन् पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माहिती अर्जाला 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसात पहिलं अपील पंचायत समितीत, तिथंही काही नाही झालं तर 90 दिवसाच्या आत दुसरं अपील माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं, दोन्हीला 20-20 रुपयाचं स्टॅम्प. अर्जावर एकट्याची सही असण्यापेक्षा चारपाच जणांनी वेगवेगळे अर्ज टाकलेले बरे, गावात एकट्या माणसावर दबाव लवकर येतो.